छिंदवाड्याची स्थानबद्धता

पॅलेस्टाइनची बाजू मांडणे गुन्हा आहे, असे सांगणारा कायदा भारतात आजवर झालेला नाही. तरीही या प्रश्नावर बोलणाऱ्यांना कायद्याच्या आधारे गप्प बसवण्याचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे, आणि त्यातले एक मोठे प्रकरण छिंदवाड्यात घडले. मौलाना मोहम्मद अली आणि त्यांचे थोरले बंधू शौकत अली यांना ब्रिटिश सरकारने नोव्हेंबर १९१५ मध्ये छिंदवाड्यात आणून ठेवले आणि जून १९१९ पर्यंत तिथून हलू दिले नाही. पांढुर्णा व सौंसर हे दोन्ही भाग तेव्हा आणि त्यानंतरही, २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा वेगळा होईपर्यंत, छिंदवाडा जिल्ह्यातच होते. त्यामुळे ही हकिकत सौंसरच्या जुन्या, स्वतःच्या जिल्ह्याची आहे. जिल्ह्याच्या इतिहासात ती सहसा एका ओळीत उरकली जाते. तिला त्याहून बरीच जास्त जागा मिळायला हवी.

छिंदवाडा सातपुड्याच्या पठारावर आहे आणि सौंसर घाटाखाली, नागपूरच्या बाजूला. घाटाखालची वस्ती मराठी, शेती वऱ्हाड-नागपूरसारखी आणि बाजारपेठ नागपूरची. १९१३ मध्ये नागपूर-छिंदवाडा ही छोटी रेल्वे सुरू झाली. ती सावनेर, सौंसर, रामाकोना अशी घाट चढत जाई. पुढच्या काही वर्षांत देशभर ज्यांच्या नावाने सभा झाल्या, त्या दोघा भावांचे मुक्कामाचे गाव या रेल्वेच्या टोकाला होते. मध्यप्रांतातले हे शहर तेव्हा लहान आणि राजकीय गडबडीपासून दूर होते. स्थानबद्धांना ठेवायला सरकारला असेच ठिकाण सोयीचे वाटे.

या प्रकरणाची सुरुवात छापखान्यापासून झाली. मोहम्मद अली मूळचे रामपूरचे. अलीगढ आणि ऑक्सफर्डला शिकून त्यांनी सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानात काही वर्षे नोकरी केली आणि जानेवारी १९११ मध्ये कलकत्त्याहून ‘कॉम्रेड’ हे इंग्रजी साप्ताहिक काढले. राजधानी दिल्लीला गेल्यावर पत्रही दिल्लीला आले. पाठोपाठ १९१३ मध्ये ‘हमदर्द’ हे उर्दू पत्र सुरू झाले. तेव्हा १९१० चा प्रेस कायदा लागू होता. या कायद्यानुसार छापखान्याच्या किंवा पत्राच्या मालकाकडून अनामत रक्कम घेतली जाई आणि मजकूर सरकारला खटकला तर ती जप्त होई. त्यासाठी खटला चालवावा लागत नसे.

१९१३ मध्ये बाल्कन युद्धातील अत्याचारांविषयीचे एक पत्रक सरकारने जप्त केले. मोहम्मद अलींनी जप्तीविरुद्ध कलकत्ता उच्च न्यायालयात दाद मागितली. तेव्हा तिथे सर लॉरेन्स जेंकिन्स मुख्य न्यायाधीश होते. कायद्याचे शब्द इतके व्यापक आहेत की निर्दोष लिखाणही त्यांच्या कक्षेत येऊ शकते, आणि आपला मजकूर आक्षेपार्ह नाही हे सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर पडतो, हे न्यायालयाने निकालात मोकळेपणाने नोंदवले. पण जप्ती उठली नाही. पत्रक परदेशातल्या लोकांच्या हालअपेष्टांविषयी होते, भारत सरकारविरुद्ध त्यात काही नव्हते. तरीही भारतातला कायदा त्याला लागू पडला. परदेशी प्रश्नावरचे मत देशातल्या शांततेच्या नावाखाली आवरता येते, हे या निकालाने सर्वांना दाखवून दिले.

पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर ‘कॉम्रेड’मध्ये सप्टेंबर १९१४ मध्ये तुर्कस्तानच्या भूमिकेवर एक दीर्घ लेख आला. नोव्हेंबरमध्ये पत्राची अनामत जप्त झाली आणि पत्र बंद पडले. मार्च १९१५ मध्ये केंद्रीय कायदेमंडळाने भारत संरक्षण कायदा मंजूर केला. तो मांडणारे गृहसदस्य सर रेजिनाल्ड क्रॅडॉक हे १९१२ पर्यंत मध्यप्रांताचे मुख्य आयुक्त होते. नागपूर-छिंदवाड्याचा मुलूख त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. या कायद्याखालच्या नियमांनुसार एखाद्याचे वागणे सार्वजनिक सुरक्षिततेला बाधक ठरेल असा सरकारला संशय असला, की त्याला ठराविक गावात राहण्याचा हुकूम देता येई. आरोपपत्र नाही, साक्षीपुरावा नाही, वकिलाला युक्तिवाद करायची संधी नाही. गंभीर गुन्ह्यांसाठी तीन आयुक्तांची न्यायाधिकरणे होती आणि त्यांच्या निकालावर अपील नव्हते. कायद्याची मुदत युद्धकाळ आणि त्यानंतरचे सहा महिने अशी ठेवली होती.

मे १९१५ मध्ये दोन्ही भावांवर हुकूम बजावण्यात आला. प्रथम दिल्लीजवळच्या मेहरौलीत, मग लॅन्सडाउनला आणि शेवटी छिंदवाड्यात त्यांना ठेवण्यात आले. छिंदवाड्यात ते तुरुंगात नव्हते. घर होते, बरोबर कुटुंब होते, आई बी अम्मा म्हणजे आबादी बानो बेगम सोबत होत्या. पण गावाबाहेर पाऊल टाकायला मनाई होती, पत्रे उघडून वाचली जात आणि राजकीय भाषण किंवा लेखन बंद होते. लेखणीवर जगणाऱ्या माणसासाठी ही शिक्षा फार मोठी होती. मोहम्मद अलींनी या काळात कुराणाचे सखोल वाचन केले आणि ‘जौहर’ या टोपणनावाने उर्दू कविता लिहिल्या. पुढे लिहिलेल्या अपूर्ण आत्मकथेत त्यांनी या सक्तीच्या फुरसतीने आपले धार्मिक जीवन कसे बदलले, ते सविस्तर सांगितले आहे.

त्यांच्या बाजूने छिंदवाड्यातून कायदेशीर काम पाहणारे वकील घाटे हे होते. गांधींच्या संग्रहित लेखनात ओ. एस. घाटे यांच्या नावची पत्रे आहेत आणि अली बंधूंच्या सुटकेसंबंधीचा मजकूर त्यांच्यामार्फत जा-ये करत होता. एका मराठी वकिलाने चार वर्षे चाललेल्या या प्रकरणाची कागदपत्रे सांभाळली, ही गोष्ट या भागात फारशी सांगितली जात नाही. ती सांगितली पाहिजे, कारण स्थानबद्धतेत माणूस जगापासून तुटतो आणि तेव्हा एवढा एक दुवा शाबूत असणे फार मोलाचे असते.

१९१७ मध्ये सरकारने हमीपत्राची अट पुढे केली. बादशहाच्या शत्रूंना मदत होईल असे काही करणार, लिहिणार किंवा बोलणार नाही, असे लिहून दिले तर सुटका होईल, असा त्याचा आशय होता. दोघा भावांनी सही करायची तयारी दाखवली, पण इस्लामवरील आपल्या निष्ठेला बाध न येता, ही पुरवणी जोडली. सरकारला ती चालली नाही. धर्मनिष्ठेला कमीपणा आणणारी सही मुलांनी करू नये, असे बी अम्मांनी सरकारी अधिकाऱ्याला ठणकावून सांगितल्याची हकिकत तेव्हा देशभर पसरली. त्या वेळी त्यांचे वय साठीच्या पुढे होते. त्यानंतर त्या पडद्याबाहेर येऊन सभांमध्ये बोलू लागल्या.

त्याच वर्षाच्या अखेरीस पॅलेस्टाइनचे भवितव्य बदलणाऱ्या दोन घटना घडल्या आणि दोन्हींच्या वेळी अली बंधू छिंदवाड्यातच होते. २ नोव्हेंबर १९१७ रोजी ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांचे पत्र निघाले. पॅलेस्टाइनमध्ये ज्यू लोकांसाठी राष्ट्रीय घर उभारण्याला ब्रिटिश सरकारचा पाठिंबा असल्याचे त्यात जाहीर झाले. ११ डिसेंबरला ब्रिटिश सेनापती जनरल ॲलेन्बी जेरुसलेममध्ये शिरले. पॅलेस्टाइनच्या मोहिमेत भारतीय सैनिक मोठ्या संख्येने लढत होते. सप्टेंबर १९१८ मध्ये हैफा घेणारे घोडदळ जोधपूर आणि म्हैसूरचे होते. म्हणजे ज्या भूमीसाठी भारतातून माणसे पाठवली जात होती, त्या भूमीविषयी बोलू शकणारे भारतीय पुढारी सातपुड्यात बंदिस्त होते. युद्धाच्या सुरुवातीला, नोव्हेंबर १९१४ मध्ये, सरकारने अरबस्तान व मेसोपोटेमियातील पवित्र स्थळांना धक्का लागणार नाही असे आश्वासन दिले होते. त्या आश्वासनाची आठवण करून देण्याचा हक्क नेमका बजावायचा होता तेव्हा तो काढून घेतला गेला.

डिसेंबर १९१७ मध्ये कलकत्त्याला काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांची अधिवेशने भरली. लीगने मोहम्मद अलींना अध्यक्ष निवडले होते. त्यांची खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर त्यांचे छायाचित्र ठेवले होते. बी अम्मा कलकत्त्याला आल्या होत्या. काँग्रेसच्या व्यासपीठावरून टिळकांनीही दोघांच्या सुटकेची मागणी केली. मंडालेत सहा वर्षे काढलेल्या टिळकांना बंदिवासाचा अन्याय वेगळा समजावून सांगण्याची गरज नव्हती. ॲनी बेझंट यांची स्थानबद्धता सप्टेंबर १९१७ मध्ये उठली होती, अली बंधूंची मात्र कायम राहिली. सरकारने त्यांच्या प्रकरणाच्या चौकशीसाठी समिती नेमली, तरी सुटका झाली नाही. एप्रिल १९१८ मध्ये दिल्लीत युद्ध परिषद भरली तेव्हा टिळक, बेझंट आणि अली बंधू यांना न बोलावल्याबद्दल गांधींनी व्हाइसरॉयकडे स्पष्ट नाराजी नोंदवली, आणि मुस्लिम राज्यांविषयी निश्चित आश्वासन मिळावे अशी मागणी पत्राच्या शेवटी केली.

युद्ध संपले, पण हुकूम मागे घेतला गेला नाही. मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा मंजूर झाला आणि युद्धकाळापुरते म्हणून घेतलेले अधिकार शांततेच्या काळात चालू ठेवण्याची सोय झाली. अली बंधूंनी एप्रिलमध्ये छिंदवाड्याहून व्हाइसरॉयला प्रदीर्घ निवेदन पाठवले. खिलाफत म्हणजे तुर्की सुलतानाचे खलिफापद, पवित्र स्थळे आणि मुस्लिम प्रदेशांचे भवितव्य हे त्याचे विषय होते. जूनमध्ये दोघांना शेजारच्या बैतूलच्या तुरुंगात हलवण्यात आले. डिसेंबर १९१९ अखेर बादशहाच्या माफीच्या जाहीरनाम्यानंतर ते सुटले आणि बैतूलहून थेट अमृतसरच्या काँग्रेस अधिवेशनाला गेले. साडेचार वर्षांच्या बंदिवासात त्यांच्यावर एकही आरोप न्यायालयापुढे आला नाही.

छिंदवाड्याचे नाव यानंतरही राष्ट्रीय राजकारणात आले. नागपूरची काँग्रेस डिसेंबर १९२० मध्ये झाली. असहकाराचा ठराव तिथे पक्का झाला आणि त्यानंतर लगेच, ६ जानेवारी १९२१ रोजी, गांधी छिंदवाड्याला आले. त्यांची सभा चिटणवीसगंजात झाली. ती जागा आज गांधीगंज म्हणून ओळखली जाते.

त्याआधी, सुटकेनंतर लवकरच, मोहम्मद अली खिलाफत शिष्टमंडळ घेऊन लंडनला गेले आणि मार्च १९२० मध्ये पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांना भेटले. अरबस्तान, सीरिया, पॅलेस्टाइन आणि मेसोपोटेमिया हा सलग प्रदेश मुस्लिम सत्तेखाली राहावा, ही त्यांची मागणी होती. पॅलेस्टाइनच्या अरब जनतेच्या स्वयंनिर्णयाचा आजचा मुद्दा आणि खलिफाच्या सत्तेचा तेव्हाचा मुद्दा एकच नव्हेत, हे इथे लक्षात घ्यायला हवे. पण युद्ध जिंकणाऱ्यांनी तिथल्या रहिवाशांना न विचारता भूमीची वाटणी करू नये, हा धागा दोन्हींत आहे. गांधींनी १९२१ मध्ये ‘यंग इंडिया’त हीच बाजू घेतली. त्याच वर्षी कराचीच्या खिलाफत परिषदेत सैन्यातील नोकरी मुसलमानांसाठी धर्मबाह्य ठरवणारा ठराव झाला आणि त्याबद्दल अली बंधूंना दोन वर्षे सक्तमजुरी झाली. या वेळी निदान खटला तरी चालला.

मोहम्मद अली ४ जानेवारी १९३१ रोजी लंडनला वारले. गोलमेज परिषदेसाठी ते आजारी अवस्थेत गेले होते. जेरुसलेमचे मुफ्ती अमीन अल-हुसैनी यांच्या निमंत्रणावरून त्यांचा देह तिथे नेण्यात आला आणि जानेवारीतच अल-अक्सा परिसराच्या पश्चिम बाजूला दफन झाले. कबरीवर त्यांचा उल्लेख ‘अल-हिंदी’ असा आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जेरुसलेमला भरलेल्या जागतिक इस्लामी परिषदेत शौकत अली सहभागी झाले.

१९३० च्या दशकात पॅलेस्टाइनचा प्रश्न भारतीय पक्षांच्या ठरावांत आला. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने पॅलेस्टाइनच्या फाळणीच्या योजनेचा निषेध केला. नोव्हेंबर १९३८ मध्ये गांधींनी वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, ज्यूंच्या प्रश्नावर लेख लिहिला. तो २६ नोव्हेंबरच्या ‘हरिजन’मध्ये छापून आला. जर्मनीत ज्यूंवर होणाऱ्या छळाबद्दल त्यात तीव्र वेदना आहे, आणि पॅलेस्टाइन अरबांचे आहे हे ठाम मतही आहे. दोन्ही गोष्टी एका लेखात मांडता येतात, हे त्याने सिद्ध केले. मध्यप्रांत व वऱ्हाडात तेव्हा निवडून आलेले काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते. ज्या विषयावर वीस वर्षांपूर्वी स्थानबद्ध पुढाऱ्यांना बोलता येत नव्हते, तोच आता सत्तेवरच्या पक्षाच्या अधिकृत ठरावाचा विषय होता. या काळात त्याला कायद्याने अडवण्याचा प्रश्न आला नाही.

स्वतंत्र भारताने २९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाइनच्या फाळणीविरुद्ध मत दिले, १९५० मध्ये इस्राएलला मान्यता दिली आणि १८ नोव्हेंबर १९८८ रोजी पॅलेस्टाइन राष्ट्राला. इस्राएलशी पूर्ण राजनैतिक संबंध जानेवारी १९९२ मध्ये प्रस्थापित झाले. सरकारी धोरणच पॅलेस्टाइनच्या बाजूचे असल्याने अनेक दशके या विषयावरच्या सभांना अडथळा येण्याचे कारण नव्हते. पण अडथळा आणू शकणारी तरतूद घटनेत १९५१ मध्येच आली होती. रोमेश थापर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये एका साप्ताहिकावर सरकारने घातलेली बंदी रद्द केल्यावर पहिल्या घटनादुरुस्तीने भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधांचे कलम १९(२) बदलले. सार्वजनिक सुव्यवस्था, गुन्ह्यास चिथावणी आणि परकीय राष्ट्रांशी मैत्रीचे संबंध ही तीन नवी कारणे त्यात आली. ‘वाजवी’ हा शब्दही तेव्हाच आला. श्यामाप्रसाद मुखर्जींनी या दुरुस्तीला संसदेत जोरदार विरोध केला. परराष्ट्र संबंधांच्या रक्षणासाठी भाषणावर निर्बंध घालण्याची कल्पना ब्रिटिशांचीच होती: भारताला लागून असलेल्या परकीय राज्यांच्या शासकांची बदनामी रोखणारा एक कायदा त्यांनी १९३२ मध्ये केला होता. घटनेत शब्द आल्यामुळे या कल्पनेला कायमचे स्थान मिळाले, आणि तिची व्याप्ती शेजारी राज्यांपुरती उरली नाही.

प्रत्यक्षात मात्र सभा अडवण्यासाठी घटनेचे हे कलम क्वचितच पुढे येते. काम करत आले ते जिल्हा दंडाधिकाऱ्यांना जमावबंदीचा अधिकार देणारे फौजदारी प्रक्रिया संहितेचे १४४ कलम. नागपूरचा १९२३ चा झेंडा सत्याग्रह याच कलमाखालच्या मनाईविरुद्ध होता. पांढुर्ण्यात हे कलम राजकारणापेक्षा गोटमारीमुळे घरोघरी माहीत आहे: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवर पांढुर्णा आणि सावरगावचे लोक समोरासमोर येऊन दगडफेक करतात आणि प्रशासनाची मनाई दरवर्षी लागते. या कलमाच्या घटनात्मकतेचा निकालही याच टापूतल्या प्रकरणावर लागला. जानेवारी १९५६ मध्ये नागपुरात कापड गिरणी कामगारांच्या संघटनांमधील संघर्षावरून जमावबंदी झाली. नागपूर आणि छिंदवाडा तेव्हा एकाच मध्यप्रदेश राज्यात होते. बाबूलाल पराते यांनी त्या जमावबंदीला आव्हान दिले आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवले. १९७० मध्ये मधू लिमये यांच्या खटल्यातही ते टिकले, पण निकडीची परिस्थिती असल्याशिवाय ते वापरता येणार नाही ही मर्यादा अधिक स्पष्ट झाली.

सीमेपलीकडे महाराष्ट्रात याशिवाय १९५१ चा मुंबई (आताचा महाराष्ट्र) पोलीस कायदा आहे. त्याच्या कलम ३७ खालचे मनाई आदेश वर्तमानपत्रांतून नेहमी प्रसिद्ध होतात. याच कायद्याखालच्या अहमदाबादच्या नियमांवर १९७२ मध्ये हिम्मतलाल शहा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की रस्त्यावरच्या सभेचे नियमन करता येईल, पण अधिकाऱ्याला मनमानी नकाराचा अधिकार देता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून १४४ कलमाची जागा नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ ने घेतली. अधिकार जवळपास तोच राहिला आहे.

इतर देशांत गेल्या काही वर्षांत कायदेमंडळांनी हा विषय नाव घेऊन हाताळला. इस्राएलने २०११ मध्ये बहिष्काराचे आवाहन करणाऱ्यांवर दिवाणी दायित्व आणले. अमेरिकेत इलिनॉयने २०१५ मध्ये इस्राएलवर बहिष्कार घालणाऱ्या कंपन्यांतून सरकारी निवृत्तिवेतन निधीची गुंतवणूक काढण्याचा कायदा केला आणि मग तीसहून अधिक राज्यांनी तसे नियम केले. काही राज्यांत सरकारी कंत्राट घेणाऱ्याला आपण असा बहिष्कार घालत नाही, असे लिहून द्यावे लागते. कॅन्ससमध्ये एका शिक्षिकेने या अटीविरुद्ध दाद मागितली आणि २०१८ मध्ये न्यायालयाने अंमलबजावणी थांबवली. अर्कान्सासमध्ये एका वृत्तपत्राने तसाच दावा केला; तिथे २०२२ मध्ये अपील न्यायालयाने कायदा वैध ठरवला. फ्रान्सने बहिष्काराचे आवाहन करणाऱ्या कार्यकर्त्यांना शिक्षा केली होती. जून २०२० मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ती अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग ठरवली. ब्रिटनने जुलै २०२५ मध्ये ‘पॅलेस्टाइन ॲक्शन’ या संघटनेवर दहशतवादविरोधी कायद्याखाली बंदी घातली. अमेरिकेतील कंत्राटदारांकडून लेखी हमी मागण्याची पद्धत १९१७ च्या छिंदवाड्यातल्या हमीपत्राची जवळची नातलग आहे: माणसाने काय केले यापेक्षा तो पुढे काय बोलणार नाही, हे त्याच्याकडून आधी लिहून घेतले जाते.

भारतात असा नाव घेणारा कायदा नसल्याने निर्णय परवानगीच्या टेबलावर होतो. जून २०२५ मध्ये मुंबई पोलिसांनी गाझातील हत्याकांडाच्या निषेधार्थ आझाद मैदानात सभा घेण्याचा अर्ज नाकारला. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. परराष्ट्र धोरणाशी निषेध जुळत नसला तरी तो करण्याचा हक्क नागरिकाला आहे, अशी बाजू मांडण्यात आली. २५ जुलै रोजी न्यायमूर्ती रवींद्र घुगे आणि गौतम अंखड यांच्या खंडपीठाने याचिका फेटाळली. मूळ अर्ज पक्षाचा नव्हे तर दुसऱ्या संघटनेचा होता हा तांत्रिक मुद्दा होताच. शिवाय देशात पुरेसे प्रश्न आहेत, त्यांकडे लक्ष द्यावे, असेही खंडपीठाने सुनावले. कोणता विषय जवळचा आणि कोणता दूरचा हे ठरवण्याचे काम घटनेने न्यायालयाला दिलेले नाही, अशी टीका त्यावर झाली, आणि ती रास्त आहे. त्यानंतर नव्याने अर्ज झाला. ऑगस्टमध्ये पोलिसांनी परवानगी दिली आणि २० ऑगस्ट २०२५ ची दुपारी तीन ते सहा ही वेळ आझाद मैदानातील सभेसाठी ठरवून देण्यात आली.